फुंकर मारून लावलेली कॅसेट

गेल्या दिवाळीच्या आधी मिरजेच्या घरी माळा आवरायला काढला. पितळेचे डबे, बाबांच्या नोकरीच्या फायली, आईचं चाक अडकलेलं शिलाई मशीन असं एकेक खाली येत होतं. सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला एक खोका होता. दादाने तो हातात घेतला, जरासा हलवला आणि आतल्या खुळखुळाटावरूनच ओळखलं. ‘‘अगं, गेम आहे!’’

आमच्या घरात त्या वस्तूला ‘गेम’ एवढंच नाव होतं. १९९६ च्या मे महिन्यात काकांनी तो मुंबईहून आणला होता, मनीष मार्केटमधून. दोन रिमोट, एक नारिंगी बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कार्ट्रिज हा शब्द मला खूप उशिरा कळला. तेव्हा खाचेत बसवायची आणि आत काहीतरी भरलेली असायची ती प्रत्येक वस्तू कॅसेटच होती. गाण्यांची, सिनेमाची आणि गेमचीही. हा गेम म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलेल्या ‘फॅमिली कम्प्युटर’ची हुबेहूब नक्कल, हेही नंतर कळलं. निन्टेन्डो हे नाव त्या सुट्टीत गल्लीतल्या एकाही पोराच्या तोंडी नव्हतं. मारिओ मात्र सगळ्यांना माहीत होता.

अडॅप्टरची वायर उंदरांनी कुरतडली होती. दादाने लक्ष्मी मार्केटजवळच्या दुकानातून दुसरा आणला. मी कॅसेट उचलली आणि काही विचार न करता तिच्या तोंडाशी फुंकर मारली. तीस वर्षं होत आली, पण हाताला आणि ओठांना सवय आठवत होती. ही फुंकर खरं तर घातक. तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्यांवर बसते, पट्ट्या काळ्या पडतात. खुद्द निन्टेन्डोनेही पुढे फुंकू नका म्हणून सांगितलं. फुंकल्यावर गेम चालू व्हायचा तो बहुधा कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. दादाने शाळेतल्यासारखं खोडरबर घेऊन पट्ट्या घासल्या. काळा कीस पडला. कॅसेट बसवली, नव्या टीव्हीच्या मागे पिवळी पिन खुपसली, बटण दाबलं, आणि पडद्यावर ती यादी आली. ९९९९ इन १.

नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. लहानपणी आम्ही वहीत खुणा करत पहिल्या पानापासून निघालो होतो. पंधरावीस गेम झाल्यावर तेच पुन्हा यायला लागले; फरक एवढाच की कुठे मारिओ तिसऱ्या टप्प्यापासून सुरू व्हायचा, कुठे जीव जास्त मिळायचे. त्या वेळी फसवल्यासारखं वाटलं नाही. यादीतल्या पुढच्या नावात काहीतरी नवं असेल, ही आशा सुट्टी संपेपर्यंत टिकली.

या सगळ्या वेळात माझा भाचा, वय वर्षं अकरा, सोफ्यावर मांडी घालून बघत होता. मारिओ उड्या मारायला लागला तेव्हा तो जवळ आला. त्याने रिमोट हातात घेतला, पहिल्याच खड्ड्यात पडला, पुन्हा पडला, मग ओलांडला. थोड्या वेळाने पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, ‘‘आत्या, तुमचा गेम लागला. मग माझा का लागत नाही?’’

त्याचा गेम म्हणजे गाड्यांच्या शर्यतीचा. वाढदिवसाला आजोबांनी दिलेल्या पैशातून त्याने घेतला होता, लाल गाडीसाठी वेगळे पैसे भरले होते. नाव सांगत नाही, त्याने फरक पडत नाही. एक दिवस कंपनीने सर्व्हर, म्हणजे ज्याच्याशी जोडल्याशिवाय गेम चालत नाही तो तिचा दूरचा संगणक, बंद केला. चिन्ह अजून टॅबवर आहे. बोट लावलं की कंपनीचा लोगो येतो, गोल चक्र फिरतं आणि संपर्क होऊ शकत नाही अशी ओळ येते. दादाने ते चिन्ह काढून टाकायला सांगितलं, तर तो रडकुंडीला आला. ‘‘मी विकत घेतलाय तो.’’

मला त्याला उत्तर देता आलं नाही. ‘विकत घेतला’ या दोन शब्दांत त्याला जे अभिप्रेत होतं तेच मला आहे, आजोबांना आहे, कोपऱ्यावरच्या वाण्यालाही आहे. पैसे दिले, वस्तू आपली. मोडली तर आपल्या हातून मोडेल, हरवली तर आपण हरवू. दुकानदार रात्री घरात शिरून ती घेऊन जाणार नाही.

पण खेळांच्या डिजिटल दुकानांत ‘विकत घ्या’ या बटणाचा अर्थ वेगळा आहे. तिथे आपण परवाना घेतो, आणि तो काढून घेण्याचा हक्क करारात देणाऱ्याकडे राखलेला असतो. तो करार लांबलचक असतो आणि आपण सगळेच तो न वाचता ‘मान्य’ म्हणतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने यावर एक कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला: ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट न सांगता दुकानाने ‘विकत घ्या’ हा शब्द वापरायचा नाही. मला हा कायदा छोटा पण महत्त्वाचा वाटतो. परवाना काढून घेण्याला तो हात लावत नाही, पण शब्दाचा खरा अर्थ सांगायला भाग पाडतो. असा नियम आपल्याकडेही व्हावा, आणि मराठीत बटण असेल तर मराठीतही ते खरं लिहिलेलं असावं.

तंत्रज्ञानाच्या बातम्या मी रोज वाचते. त्यांत नवा फोन येतो, नवा गेम येतो, नवी आवृत्ती येते. बंद होणाऱ्या गोष्टींची बातमी एका परिच्छेदाची, तारीख आणि आभार. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सोनीने ‘कॉन्कॉर्ड’ नावाचा गेम आणला, वर्षानुवर्षं लोक त्यावर काम करत होते. २३ ऑगस्टला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत दिले गेले, हे खरं. पण ज्यांनी त्यातली पात्रं रेखाटली, त्यांना आपलं काम पुढे कुणाला दाखवायचं असेल तर ते कुठून दाखवणार, हा विचार मला बरेच दिवस सोडत नव्हता. माझ्या सतारमेकर शेजाऱ्यांनी बनवलेली तंबोऱ्याची जोडी न विकली गेली तरी दुकानात उभी राहते.

‘द क्रू’चं उदाहरण याहून मोठं. युबिसॉफ्टचा हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. अख्खी अमेरिका आकसून एका नकाशात बसवली होती, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गाडी हाकत जाता यायचं. एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं असणं भाग होतं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले, आणि ज्यांच्या कपाटात या गेमची तबकडी होती त्यांचीही तबकडी मुकी झाली. हे पाहून रॉस स्कॉट या माणसाने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. त्याची मागणी साधी आहे. सर्व्हर अनंतकाळ चालवा असं तो म्हणत नाही. ज्या दिवशी तुम्ही दुकान बंद कराल, त्या दिवशी गेम चालेल अशा अवस्थेत सोडून जा. किल्ली दारात ठेवून जा. युरोपीय संघात अशा मागणीची दखल घ्यायला दहा लाख सह्या लागतात. जुलै २०२५ मध्ये तो आकडा पार झाला.

कंपन्यांच्या संघटनेने उत्तर दिलं. लोकांनी स्वतः चालवलेल्या सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षा कोण बघणार, बेकायदा मजकूर कोण काढणार, आणि मुळापासून ऑनलाइन म्हणून बांधलेले गेम असे सोडून जायचे म्हटलं तर खर्च फार वाढेल. मी हे मुद्दे उडवून लावणार नाही. शेवटच्या मुद्द्यात तर बरंच तथ्य आहे. बांधून झालेल्या घराला मागून नवा जिना काढणं महागच पडतं. म्हणून नियम पुढे येणाऱ्या गेमना लावावा. नकाशा काढतानाच जिना दाखवा. आणि होतं कसं ते दाखवणारी उदाहरणं आहेत. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा गेम ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद झाला. चाहत्यांनी तो आपल्या सर्व्हरवर जिवंत केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनी एनसीसॉफ्टनेच अशा एका गटाला रीतसर परवाना दिला. ओरड झाल्यावर युबिसॉफ्टनेही ‘द क्रू’च्या पुढच्या दोन भागांना इंटरनेटशिवाय खेळता येईल अशी सोय देण्याचं २०२४ मध्येच जाहीर केलं. म्हणजे अशक्य काही नव्हतं.

आता कुणी म्हणेल, गेमच तर आहे. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे, बहुतेक वेळा आईकडून, हातात झाडू असताना. पण हेच वाक्य एके काळी सिनेमाबद्दल म्हटलं गेलं होतं, आणि त्याची किंमत आपण मोजली आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची, १९१३ च्या, चार रिळं होती, हाती राहिली ती पहिलं आणि शेवटचं. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा, त्याची एकही प्रत उरलेली नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पेट घ्यायला टपलेली, आणि तिच्यातली चांदी काढून विकायला सोपी. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन व्हायला १९६४ उजाडलं. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, गोदामांत, वारसांच्या घरी शोधून रिळं जमवली. मी पुण्यात कॉलेजला असताना, २००३ च्या जानेवारीत, नायट्रेटच्या जुन्या फिल्म ठेवलेल्या जागेला आग लागली. दुसऱ्या दिवशी वसतिगृहात पेपर हातोहात फिरला. ज्यांनी ते सिनेमे कधी पाहिले नव्हते अशा मुलीही गप्प होत्या.

पुस्तकांच्या बाबतीत आपण शहाणपणा आधी केला. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात. त्यातलं एक मुंबईत, एशियाटिकच्या त्या पांढऱ्या पायऱ्यांच्या इमारतीत. चार ओळींच्या आरत्यांचं पुस्तक छापलं तरी ते पाठवायचं असतं. त्यात निवड नाही, चांगलं-वाईट नाही. पन्नास वर्षांनी कुणाला काय हवं असेल हे आज कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सगळंच ठेवायचं. गेमसाठी असा कायदा नाही.

अमेरिकेतल्या व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० च्या आधी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कोणत्याही रूपात मिळत नाहीत. ग्रंथालयांना हे गेम संशोधकांना दुरून वापरायला देता यावेत, अशी सवलत मागितली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. लोक अभ्यासाच्या नावाखाली मजेसाठी खेळतील, अशी भीती त्यामागे मांडली गेली होती. ग्रंथालयातली कादंबरी लोक मजेसाठीच वाचतात, आणि त्यात ग्रंथपालाला आनंद असतो.

आपल्याकडचे गेम तर या मोजणीत धरलेलेच नाहीत. नोकियाच्या छोट्या पडद्यावर चालणारे जावाचे गेम आठवतात? मुंबईच्या इंडियागेम्सने त्या काळात कितीतरी काढले, क्रिकेटचे तर खास. बसच्या मागच्या सीटवर, पाच नंबरचं बटण दाबून दाबून त्याच्यावरचा आकडा पुसून जायचा. कंपनी पुढे डिस्नेने घेतली, फोन बदलले, आणि ते गेम फोनबरोबर भंगारात गेले. काही हौशी लोकांनी त्यांच्या फायली जमवून ठेवल्या आहेत आणि आजच्या फोनवर त्या चालवणारी ॲप्सही आहेत. त्या लोकांना कुणी पगार देत नाही. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला, एका लहान मुलीचा, तिच्या भावाला शोधणारी. तो मी दोनदा खेळले. एकट्याने खेळायचा आहे, सर्व्हरच्या दयेवर नाही, याचं मला फार समाधान वाटतं. माझ्या भाच्याच्या मुलीला तो दाखवता येईल.

फ्लॅश म्हणजे ब्राउजरमध्ये छोटे गेम चालवणारं अडोबी कंपनीचं सॉफ्टवेअर. त्याबद्दल लिहिताना माझा हात जरा थांबतो, कारण माझी कॉलेजची वर्षं त्यात गेली. सायबर कॅफेत मेल बघायचा पाच मिनिटं आणि उरलेला तास ब्राउजरमधले छोटे गेम. कुणीतरी एकट्याने घरी बसून बनवलेले, फुकट, काही अगदी वेडेबिद्रे, काही विलक्षण सुंदर. २०१७ मध्ये अडोबीने जाहीर केलं की फ्लॅश संपणार, ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार बंद झाला आणि १२ जानेवारी २०२१ पासून जुन्या प्लेअरमध्येही फायली चालेनाशा झाल्या. सुरक्षेची कारणं खरी होती, फ्लॅशला भोकं फार होती. फेसबुकवरचं ‘फार्मव्हिल’ही फ्लॅशवरच उभं असल्याने त्याच रात्री मिटलं, एके काळी पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून लोक डबा खाता खाता त्यात भोपळे काढायचे. पण छोट्या गेमचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. ‘फ्लॅशपॉइंट’ नावाखाली जगभरच्या स्वयंसेवकांनी एक लाखाहून जास्त गेम उतरवून घेतले. काहींनी ‘रफल’ नावाचा नवा प्लेअर लिहिला, आणि इंटरनेट अर्काइव्हने त्याच्या मदतीने जुन्या फायली ब्राउजरमध्ये पुन्हा चालवल्या. मी एका रात्री तिथे माझा जुना आवडता गेम शोधला. सापडला. त्याचं संगीत सुरू झालं आणि मला त्या कॅफेतल्या खुर्चीचा फाटलेला रेक्झिन मांडीला टोचल्यासारखा वाटला.

हे सगळं परक्या लोकांच्या परक्या गोष्टी वाटतील, म्हणून घरातली एक सांगते.

बाबांनी १९९९ मध्ये मिरजेच्या सतारमेकरांच्या मुलाखती घेतल्या होत्या. भोपळे पंढरपूरच्या बाजूने कसे येतात, वाळवताना ते कुठे तडकतात, तबली कशी बसवायची, जवारी काढताना कानाला नेमकं काय ऐकू यायला हवं, हे त्या कारागिरांच्या शब्दांत त्यांनी उतरवलं आणि ऑफिसच्या संगणकावर स्वतः टाइप केलं. फ्लॉपी जपून ठेवली. ज्यांच्याशी ते बोलले त्यांतले बरेच जण आता नाहीत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बाबांना ते लेख कुणाला तरी द्यावेसे वाटले. फ्लॉपी वाचणारं यंत्र मिळवलं. फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, चिन्हं, अवतरणं, टोप्या यांचा चिखल.

काही बिघडलं नव्हतं. त्या काळी आपण मराठी ज्या फॉन्टमध्ये लिहायचो, ते फॉन्ट संगणकाच्या दृष्टीने इंग्रजीच होते. शिवाजी, किरण, शुषा अशी कितीतरी नावं. प्रत्येकाने कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी कोणतं देवनागरी चित्र बसवायचं हे आपल्या मनाने ठरवलेलं. तो फॉन्ट संगणकात असेल तर मराठी दिसायचं, नसेल तर चिखल. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती, पण घरांत, ऑफिसांत आणि छापखान्यांत ती झिरपायला कित्येक वर्षं लागली. त्या मधल्या काळात मराठी माणसाने संगणकावर जे लिहिलं, पत्रिका, स्मरणिका, पतपेढ्यांचे अहवाल, कविता, ते अजून हजारो डिस्कांवर असं न वाचता येणारं पडून असेल.

बाबांचे लेख आम्ही सोडवले. अशा जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर स्वयंसेवकांनी लिहिलेले आहेत, त्यातला एक चालला, जवळजवळ. अडचण ऱ्हस्व वेलांटीची. जुन्या फॉन्टमध्ये ती डावीकडे दिसते म्हणून आधी टाइप करायची, मग अक्षर. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. त्यामुळे ‘मिरज’ शब्दातली वेलांटी म च्या आधी एकटीच लटकत होती. रफार एक घर पुढे सरकले होते. ‘तर्फ’ कुठे ‘तफर्’ झालं होतं. पाच रविवार बाबा आणि मी शेजारी बसून एकेक ओळ नीट करत होतो. ते मोठ्याने वाचायचे, मी दुरुस्त करायची. एका जागी ते थांबले. एका म्हाताऱ्या कारागिरांचं वाक्य होतं, भोपळ्यावर टिचकी मारून तो आतून बोलतो की नाही हे बघायचं, याबद्दलचं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांच्या बोलण्याची ढब काढून तिसऱ्यांदा म्हणून दाखवलं.

म्हणून गेम जपणाऱ्या त्या लोकांना मी परकं मानत नाही. ‘मेम’ हा आर्केड गेम, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरचे गेम, जतन करणारा प्रकल्प १९९७ मध्ये निकोला साल्मोरियाने सुरू केला. फ्लॅशपॉइंटवाले काय, बाबांची वेलांटी जागेवर आणून देणारा तो अनोळखी कन्व्हर्टर लिहिणारा काय, सगळे एकाच कामातले. माझं मत स्पष्ट आहे. जे लोकांनी पैसे देऊन घेतलं, त्यावर वेळ घालवला, त्यात जीव लावला, ते बंद करताना चालेल अशा स्थितीत सोडून जाणं ही विकणाऱ्याची जबाबदारी कायद्याने ठरवली पाहिजे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या प्रोग्रॅमची प्रत कायदेशीर बाळगणाऱ्याला ती नष्ट होऊ नये म्हणून राखीव प्रत करता येते. पण जो प्रोग्रॅम अर्धा आपल्याकडे आणि अर्धा दूरच्या सर्व्हरवर असतो, त्याची राखीव प्रत करणार कशी? कायदा तिथपर्यंत यायला हवा. आणि पुण्यात सिनेमासाठी जसं संग्रहालय आहे, तसं गेमसाठी झालं तर मी आमची पिवळी कॅसेट पहिल्या दिवशी नेऊन देईन.

आमची कॅसेट चोरीची आहे, हे मला माहीत आहे. निन्टेन्डोला तिचा एक पैसाही मिळाला नाही. कमावणारे कुणी तिसरेच. हे चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या काळात मिरजेत, सांगलीत, इचलकरंजीत हे खेळ दुसऱ्या कोणत्याही वाटेने आले नाहीत, आणि त्यातून जे घडलं ते खरं आहे. ‘कॉन्ट्रा’मधले तीस जीव मिळवायची ती बटणांची ओळ, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं, ती काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या प्रोग्रॅमरने १९८६ च्या एका दुसऱ्याच गेमसाठी केली होती, कारण तपासताना तो गेम त्यालाच जड जात होता. २०२० मध्ये ते गेले. त्यांची ती ओळ आमच्याकडे इंटरनेटशिवाय आली. दादाच्या वर्गातल्या एका मुलाच्या मामेभावाला मुंबईत कुणीतरी सांगितली होती, आणि दादाच्या भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती बाणांनी काढलेली होती. माळ्यावर ती वहीही शोधली. नाही मिळाली. पण दादाच्या अंगठ्याला ती ओळ पाठ होती.

राहिली ती बंदूक. ‘डक हंट’ लावला आणि भाच्याने नारिंगी बंदूक उचलली. बदकं उडाली, त्याने नेम धरून चाप ओढला, काही झालं नाही. टीव्हीला नळी चिकटवून ओढला, तरी नाही. झुडपामागून कुत्रा वर आला आणि हसला. बंदूक खराब झाली म्हणून तो हिरमुसला, पण बंदुकीत दोष नव्हता. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो, त्याला तो पांढरा दिसला तर बदक पडतं. हे सगळं सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यात. पिक्चर ट्यूबवर पांढरा चौकोन ठरल्या क्षणी उमटायचा. नवा सपाट टीव्ही चित्र आधी स्वतःशी नीटनेटकं करतो, मग दाखवतो. तेवढ्यात बंदुकीचा डोळा मिटलेला असतो.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी दादा आणि भाचा स्कूटरवरून गेले. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात मागच्या खोलीत एक डबा टीव्ही पडून होता, चौदा इंची. काकांनी पैसे घेतले नाहीत. चालतो का ते येऊन सांगा, एवढंच म्हणाले. दोघांनी तो मधे धरून आणला. हॉलमध्ये चौरंगावर ठेवला. चालू केला तेव्हा काचेवर हात धरल्यावर केस उभे राहतात तसे माझ्या हातावरचे राहिले, आणि ती बारीक शीळ आली, जी दादाला आणि मला आता ऐकू येत नाही पण भाच्याने कानावर हात ठेवला त्यावरून कळली.

पहिलं बदक डावीकडून निघालं. त्याने चाप ओढला. पडदा लवला, बदक हवेत थबकलं आणि सरळ खाली आलं. कुत्र्याने ते गवतातून उचलून दाखवलं. भाचा काही बोलला नाही, फक्त मागे वळून आमच्याकडे बघितलं. दुसरंही पाडलं. तिसरं सुटलं.

बाबा पेपर बाजूला ठेवून मगापासून बघत होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

‘‘आण रे इकडे ती बंदूक.’’